सव्वीस जणींचा काल

टेंबेबाई कामगाराला पगार कधी विचारत नसत. किमान वेतनाची पाहणी करायला निघालेली बाई वेतनच विचारत नाही हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना काम जमत नाही. त्या फक्त काल विचारत. काल किती वाजता उठलात? मग काय केलंत? मग? त्यानंतर? रात्री पाठ टेकेपर्यंतचा सगळा काल, क्रमानं. कुणी "मी रोज असं करते" म्हणून सुरुवात केली की मध्येच थांबवत.

"रोजचं राहू द्या. रोजचं माणूस स्वतःलाही खोटं सांगतं. कालचं सांगा."

ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं एक संशोधन केंद्र होतं. नाव लांबलचक आणि खुर्च्या चार. बाई तिथे पाहणीचं काम करायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. राहायला डोंबिवली पूर्वेला, भावाच्या बिऱ्हाडाला लागून असलेल्या एका खोलीत. लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. शेडमधल्या सोळा वर्षांच्या मुलीलाही त्या "अहो, तुम्ही" म्हणत. दुपारी सव्वाबारा वाजता, जिथे असतील तिथे, पिशवीतून गूळ-पोळीची गुंडाळी काढून खात. एकदा एका कारखानदाराच्या केबिनमध्ये, तो बोलत असतानाच खाल्ली. चहा मात्र कुणाकडेच घेत नसत.

"मालकाचा चहा आपल्याला महाग पडतो," त्या म्हणत, "आणि कामगाराचा चहा कामगाराला."

मी पत्रकांवर वाढलेला. वडील कल्याणच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, आणि युनियनचे. आमच्या फडताळांना अस्तर जुन्या पत्रकांचं असायचं, मला अक्षरओळख त्यावरच झाली. चोविसाव्या वर्षी मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनियनची पत्रकं लिहीत होतो. ऐंशीचं दशक संपत आलेलं, मोठ्या गिरण्यांचा संप बुडालेला, आणि छोट्या शेडमधल्या बायकांकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. आमच्या युनियनला होता, असं आम्ही समजत होतो.

त्यातली एक शेड टिचबटणांची होती. पुठ्ठ्याच्या भोकांतून बटणाचा एक भाग घालायचा, मागून दुसरा दाबून बसवायचा. एका पुठ्ठ्यावर तीन डझन बटणं, बारा पुठ्ठ्यांचं एक बंडल. मजुरी बंडलावर. कायदा असा की मजुरी नगावर असली तरी दिवसाच्या कामाचं किमान वेतन पडलंच पाहिजे. मालकाचं म्हणणं, बाई आठ तासांत आरामात बारा बंडलं करते आणि बारा बंडलांना किमान वेतन पडतं. जी कमी करते ती अर्धा दिवस येते. या एका वाक्यावर ती शेड उभी होती.

मी त्या शेडवर पत्रक लिहिलं आणि आकडे मागायला बाईंकडे गेलो. त्यांनी पत्रक वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"'हजारो भगिनींचे रक्त शोषणारा.' हजारो? शेडमध्ये किती आहेत?"

"तीसेक असतील."

"असतील?"

"मोजल्या नाहीत."

"मी मोजल्यात. सव्वीस."

"बाई, हे पत्रक आहे. जनगणना नाही."

"म्हणूनच म्हणते. जनगणना चुकली तर दहा वर्षांनी दुरुस्त करतात. तुमचं पत्रक मालक आज संध्याकाळी वाचणार. पहिली ओळ खोटी निघाली की बाकीची खरी असली तरी तो निर्धास्त झोपणार." मग कागद परत देत म्हणाल्या, "शोषणारा राहू द्या. त्याला माझी हरकत नाही."

मी चिडून खाली उतरलो. पण पत्रकात 'सव्वीस' छापलं. शेडमधल्या बायकांनी ते आपापसात मोजून पाहिलं, आणि पहिल्यांदाच आमच्या युनियनच्या माणसाशी गेटबाहेर दोन शब्द बोलल्या. मग मी पुन्हा ठाण्याला गेलो.

बाईंबरोबर घरोघरी फिरायची मला दोनदाच परवानगी मिळाली, तीही तोंड बंद ठेवायच्या अटीवर. एकदा कोपरला गेलेलो, खाडीकडच्या कोळ्यांच्या घरांत. मंजुळा नावाची तिशीच्या आतली बाई ओट्यावर मासे साफ करत होती. नवरा खाडीत रेतीच्या होडीवर, चार महिन्यांचं मूल सासूच्या मांडीवर.

"किती तास काम करता, असं विचारायला आलाय ना?" ती म्हणाली. "आठ. मुकादमानं सांगून ठेवलंय, कुणी इचारलं तर आठ सांगायचं."

"मी तास विचारणारच नाहीये," बाई म्हणाल्या. "काल उठलात केव्हा?"

"काल? काल पहाटे. भरती व्हती ना, याला होडीवर जायचं व्हतं."

आणि मग काल उलगडत गेला. सातचा भोंगा झाला तेव्हा ती शेडच्या दारात होती. दुपारी तीनला सासू बाळाला घेऊन शेडच्या मागच्या दाराशी आली, तिनं पाजलं, परत आत गेली. कारखान्यांचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा ती नवव्या बंडलावर होती. निघाली तेव्हा समोरच्या केमिकलवाल्याची रातपाळी आत चाललेली. बाईंनी सगळं लिहून घेतलं, मग बोटांवर हिशेब न करता कागद तिच्यापुढे धरला.

"हे तुम्हीच बघा. किती झाले?"

मंजुळानं भोंग्यापासून भोंग्यापर्यंत मोजलं, मग पुढचं मोजलं. "बारा झालं की," ती म्हणाली. थोड्या वेळानं सासूला म्हणाली, "आये, बारा गो." सासू म्हणाली, "मना कनाला सांगतेस? मी बाळ घेऊन तिथंच उभी असते."

निघताना बाईंनी तिला तेच सांगितलं, जे प्रत्येकीला सांगत: "तुमचं नाव या तक्त्यावर नाही. फक्त नंबर आहे. नावांची वही माझ्याकडे वेगळी असते आणि ती मी कुणालाही दाखवणार नाही."

"सरकारला पण?"

"सरकारला पण."

मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलेलं.

कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल बाईंना भ्रम नव्हता. कामगार खात्याचा जो निरीक्षक त्या भागात यायचा तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे तीन तालुके होते आणि एक स्कूटर, तीही स्वतःची. तो शेडवर गेला तेव्हा बाई त्याच्याबरोबर होत्या. मालकानं हजेरीपट पुढे केला: सुंदर अक्षर, सगळ्या जणी हजर, रविवारी साप्ताहिक सुट्टी. निरीक्षक सही करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हा कुणी लिहिला?"

"आमचे सल्लागार आहेत मुंबईला," मालक म्हणाला. "सगळं कायदेशीर."

"ते इथे कधी आलेत का?"

"कशाला यायला पाहिजे?"

"इथे शुक्रवारी वीज नसते," बाई म्हणाल्या. "अख्खी वसाहत शुक्रवारी बंद असते, सुट्टी शुक्रवारी. तुमच्या बायका वर्षभर दर शुक्रवारी बंद शेडमध्ये हजर होत्या आणि दर रविवारी शेड चालू असताना घरी होत्या."

निरीक्षकानं पेनाला टोपण लावलं. पुढे खटला झाला आणि दंड झाला. दंड एवढा, की मालकानं तो खिशातूनच काढून दिला आणि पावती मागितली नाही. पुढच्या महिन्यापासून हजेरीपटात शुक्रवारची सुट्टी लागली. सुधारणा झाली ती एवढीच, आणि ती वहीत.

हे पाहिल्यावर युनियननं ठरवलं, फरकाच्या मजुरीचा रीतसर दावा लावायचा. दाव्याला नावं लागत होती, आणि बायका नाव द्यायला तयार नव्हत्या. नाव दिलं की दुसऱ्या दिवशी मुकादम दारात अडवणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बाईंच्या वहीत सव्वीसच्या सव्वीस नावं होती. सव्वीस तक्त्यांत सव्वीस जणींचे तास. मी त्या वहीसाठी बाईंशी भांडलो.

"तुम्ही पुरावा दाबून ठेवताय," मी म्हणालो. "त्याचा फायदा मालकाला होतोय."

"होतोय."

"मग?"

"शिंदे, तो पुरावा माझा नाही. माझ्याकडे ठेवायला दिलाय."

"हे असलं सोवळं पाळून क्रांती होत नाही."

"नसेल होत," त्या म्हणाल्या. "तक्ते वाचा हवे तर. इथेच बसून. नावं मिळणार नाहीत."

मी तक्ते वाचले. पंधरा नंबरचा तक्ता मंजुळाचा, हे मला नावाशिवायही कळलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना, आणि मी ते पत्रकात घातलं. 'दुपारी तीन वाजता शेडच्या मागच्या दाराशी उभी राहून तान्ह्याला पाजणारी आणि पुन्हा बटणं दाबायला आत जाणारी आई, हिच्या दुधावर हा नफा उभा आहे.' माझ्या मते मी तोवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं. नाव छापलेलं नव्हतं, नंबरही नाही. पत्रक सोमवारी गेटवर वाटलं. मंगळवारी बाई ठाकुर्लीला आमच्या ऑफिसात आल्या. त्या कधी तिथे येत नसत.

"मंजुळाबाईंना कामावरून काढलं," त्या म्हणाल्या.

"पण मी नाव कुठे छापलं?"

"त्या शेडमध्ये तान्हं मूल असलेली बाई एकच आहे."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "चपला घाला," आणि आम्ही कोपरला गेलो.

मंजुळाच्या ओट्यावर ते पत्रक होतं, त्यावर सुकत घातलेली बोंबलांची टोपली. बाई उभ्याच राहिल्या.

"तुम्ही मला जे सांगितलंत ते माझ्या हातून बाहेर गेलं," त्या म्हणाल्या. "यांनी छापलं, पण वाचायला मी दिलं. शब्द मी मोडला."

मंजुळानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी लिवलं काय? नणंदेनं वाचून दाखवलं. चांगलं लिवलंय." मग पत्रकावरची टोपली सरकवत, "पण मना इचारायचं व्हतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी घेऊन काय करू? मुकादमानं निरोप धाडलाय, तोंड बंद ठेवशील तर दिवाळीनंतर परत घेऊ. तवर गप बसा म्हंजे झालं, दोघं पण."

आम्ही दोघं गप्प बसलो. म्हणजे बाई बसल्या. मला बसावं लागलं.

दावा युनियननं आधीच, नावांशिवाय, लावून टाकला होता. कामगार खात्याच्या कचेरीत त्याची सुनावणी दिवाळीच्या आधी लागली, आणि लागली शुक्रवारी, म्हणून शेडमधल्या बायका बघायला आल्या. मागच्या बाकांवर आणि बाहेर व्हरांड्यात, डोक्यावर पदर ओढून. मुकादमही आला होता आणि कोण कोण आलंय हे उघड उघड बघत होता. मंजुळा दाराजवळ उभी होती, बाळ सासूकडे ठेवून आलेली.

बाईंना साक्षीला बोलावलं. त्यांनी तास सांगितले, सरासरी सांगितली, पद्धत सांगितली. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "नावं?"

"नावं देणार नाही."

"मग ही ऐकीव माहिती झाली, बाई. मी ती कशी धरू?"

"नका धरू," बाई म्हणाल्या.

माझ्या बाजूला बसलेल्या आमच्या सेक्रेटरीनं कपाळावर हात मारला. अधिकारी जरा वैतागून म्हणाले, "तुम्हाला स्वतःला, प्रत्यक्ष, काय माहीत आहे?"

"एक पुठ्ठा करायला किती वेळ लागतो ते माहीत आहे. मी दोन महिने घरी रोज करतेय."

हे मलाही माहीत नव्हतं. बाईंनी पिशवीतून पुठ्ठा आणि बटणांची पुडी काढली, आणि परवानगी मागून अधिकाऱ्यांच्या टेबलाच्या कडेला बसून बटणं बसवायला लागल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. नऊ मिनिटं लागली.

मालकाचे वकील हसले. "साहेब, बाईंचं वय बघा. त्या अभ्यास करणाऱ्या. शेडमधली बाई याच्या तिप्पट वेगानं करते."

"असेल," अधिकारी म्हणाले. "शेडमधली कुणी आहे का इथे?"

कुणी हललं नाही. मुकादम मागे वळून बसला, बायकांकडे तोंड करून. मी मंजुळाकडे पाहिलं, सेक्रेटरीनं पाहिलं, वकिलांनीसुद्धा पाहिलं. टेंबेबाई एकट्या तिच्याकडे बघत नव्हत्या. मान खाली घालून त्या आपल्या पुठ्ठ्यावरचं एक सैल बटण दाबत बसल्या होत्या. तिला दिवाळीनंतर काम परत मिळणार होतं, आणि मुकादम सोडला तर ते तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"द्या हिकडं," मंजुळा म्हणाली.

ती पुढे आली. बाई खुर्चीवरून उठल्या, ती बसली नाही. उभ्यानंच पुठ्ठा घेतला. तिचे अंगठे मी तेव्हा नीट पाहिले. नखं दाबून दाबून चपटी झालेली. बटणं अशी बसत होती की एकाचा आवाज संपायच्या आत दुसरा येत होता. मुकादम म्हणाला, "मंजे, सांभाळून हां." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गप रे, चुकंल ना माजं."

पाच मिनिटांना थोडी कमी. अधिकाऱ्यांनी टीपकागदावर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि वकिलांना म्हणाले, "बारा बंडलांना जवळजवळ बारा तास होतात. यात जेवण नाही, पाणी नाही. आणि ही तर चांगलीच चपळ दिसते." मग तिच्याकडे वळून, "नाव?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं. गावासकट.

त्यानंतर मागच्या बाकावरून एक उठली. मग दोघी. शेवटी मंजुळा धरून सात.

बाहेर आल्यावर मला नाचायचं बाकी होतं. मी म्हणालो, "बाई, सात जणी उभ्या राहिल्या."

"एकोणीस बसल्या," त्या म्हणाल्या. "त्या भित्र्या आहेत असं तुमच्या पत्रकात येता कामा नये. त्यांतल्या दोघींचे नवरे अंथरुणाला आहेत." आणि घड्याळात सव्वाबारा कधीच होऊन गेलेले, म्हणून जिन्यातच बसून त्यांनी गूळ-पोळी खाल्ली. अर्धी मंजुळाला दिली. ती मंजुळानं घेतली, आणि म्हणाली, "पोळी जाड लाटता तुमी."

निकाल सात जणींच्या बाजूनं लागला. फरक मिळाला, काम गेलं. सातही जणींना शेडमध्ये परत घेतलं नाही. दोघी दुसऱ्या कारखान्यात लागल्या, मंजुळा मासळी घेऊन बाजारात बसायला लागली. बंडलाचा दर मात्र सगळ्यांचाच वाढवावा लागला, कारण आता नऊ मिनिटं आणि पाच मिनिटं दोन्ही कागदावर होती. एकोणीस जणींना मागचं काही मिळालं नाही. बाईंनी वही दिली असती तर कदाचित मिळालं असतं. हे मी त्यांना त्या वर्षी निदान चार वेळा ऐकवलं. त्यांनी एकदाही प्रतिवाद केला नाही.

मग ठाण्याचं केंद्र बंद व्हायची वेळ आली. चालकांनी ठरवलं की सगळे कागद मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेला द्यायचे. बाईंनी अहवाल दिला, आकडे दिले, तक्ते आणि नावांची वही दिली नाही. दोन दिवसांनी मला त्या ठाकुर्लीच्या चाळीत दिसल्या. मी दुसऱ्याच एका कारखान्याची पत्रकं वाटत होतो. त्यांच्या हातात एकोणीसांतले उरलेले तक्ते होते.

"ज्याचे त्याला देतेय," त्या म्हणाल्या. "दावा लावायची मुदत अजून थोडी आहे. तेही सांगतेय. बाकी त्यांचं त्या बघतील."

मी त्यांच्याबरोबर एका दारापर्यंत गेलो. दार उघडणारी बाई चाळिशीची, त्या दिवशी मागच्या बाकावरच बसून राहिलेली. नवरा आत खाटेवर होता. बाईंनी कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तो मुलीकडे दिला, आणि आठवीतली मुलगी उंबऱ्याशी उभी राहून आईचा एक जुना दिवस मोठ्यानं वाचायला लागली. उठले. चूल पेटवली. ह्यांना पाणी दिलं. सातच्या भोंग्याला शेडमध्ये. बाई भिंतीला टेकून ऐकत होती, दुसऱ्याच कुणाचं ऐकावं तसं.

"थांब," ती मधेच म्हणाली. "पाणी दोनदा भरलं होतं त्या दिवशी. ते नाहीये त्यात."

"राहिलं का?" टेंबेबाई म्हणाल्या. "घाला तुम्ही. कागद तुमचा आहे."

मुलीनं दप्तरातून पेन आणलं आणि समासात लिहिलं. मग पुढचं सगळं शेवटपर्यंत वाचलं. आतून नवऱ्यानं "कोण आहे गं?" विचारलं, ती मुलीच्या हातातल्या कागदाकडेच बघत होती.

"खाली नाव कुठं घालायचं असतं?" तिनं विचारलं.

टेंबेबाईंनी जागा दाखवली आणि बोट काढून घेतलं. माझ्या ओठांवर काहीतरी आलं होतं, बहुतेक पत्रकातलंच. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात आडवा करून मला थांबवलं, आणि मुलगी आईचं नाव लिहीपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

नंतर त्या पुढच्या दाराकडे गेल्या. माझी पत्रकं वाटायची राहिली होती, मी जिना उतरलो. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.